जोडकेळं खाल्लं म्हणून जुळं होतं का?

प्रश्न : आमच्या सूनबाईला पाचवा महिना चालू आहे. सोनोग्राफीत जुळं असल्याचं कळलं. पहिली मुलगी पाच वर्षांची आहे, ती लॉकडाऊनमध्ये झाली, तेव्हा डोहाळजेवण वगैरे काहीच करता आलं नाही. म्हणून या वेळी नवव्या महिन्यात थाटात करायचं आणि मग तिला नांदेडला माहेरी पाठवायचं, असं ठरवलंय. गल्लीतल्या बायका म्हणतात, हिनं जोडकेळं खाल्लं असणार, माहेर केळ्यांच्या मुलखातलं आहे ना. माझ्या सासऱ्यांना जुळा भाऊ होता. मग हे घराण्यातून आलं की केळ्यातून? दुसरं, घरात रोज तिची काळजी कशी घ्यायची? कुणी म्हणतं पलंगावरून उठू देऊ नका, कुणी म्हणतं कामं करू द्या म्हणजे सुखरूप सुटका होते. धाकट्या दिरांचं म्हणणं, आता तीन लेकरं होणार म्हणजे माझ्या मुलाला ग्रामपंचायतीला उभं राहता येणार नाही. तेही सांगा.
— एक वाचक भगिनी, ता. अहमदपूर, जि. लातूर

उत्तर : ताई, आधी अभिनंदन. पत्र दोनदा वाचलं. तुमचं पहिलं कुतूहल केळ्याचं आहे, तेव्हा सुरुवात तिथूनच करते. पण तुमच्या पत्रातल्या एका शब्दाची मला खरी काळजी वाटली, तो शब्द म्हणजे ‘नवव्या’. त्याकडे येतेच.

नांदेड जिल्ह्यात अर्धापूरकडे केळीच्या बागाच बागा आहेत, तेव्हा तिथल्या लेकीवर हा आळ येणं साहजिक आहे. लग्नाच्या मुलीनं जोडकेळं खाऊ नये, असं आपल्याकडे जवळपास प्रत्येक घरात सांगतात. फणीत शेजारी-शेजारी असलेली दोन कोवळी फळं वाढताना एकमेकांना चिकटली की जोडकेळं तयार होतं. आपण बाजारातून आणतो त्या केळ्याला तर परागीभवनही लागत नाही. बी न धरताच ते फळ भरतं, आणि केळीची नवी बाग कंदापासून किंवा ऊतिसंवर्धित रोपांपासून लावतात. ज्या फळात बीजच रुजत नाही, त्यानं बाईच्या पोटात दोन बीजं कशी रुजवावीत? पोटात गेल्यावर जोडकेळं आणि साधं केळं यांत काडीचा फरक राहत नाही. सूनबाईंना आवडत असेल तर खुशाल खाऊ द्या. पाचव्या-सहाव्या महिन्यात पायात गोळे येतात, भूक अवेळी लागते, तेव्हा केळं हाताशी असलेलं बरंच.

फळाला किंवा भाजीला असं श्रेय देणारे आपण एकटेच नाही. नायजेरियात इग्बो-ओरा नावाचं गाव आहे. तिथल्या योरुबा लोकांत जुळ्यांचं प्रमाण जगात सर्वांत जास्त समजतात. तिथले लोक त्याचं कारण सांगतात यामचा कंद आणि भेंडीच्या पानांची आमटी. आपल्या देशात केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातलं कोडिन्ही हे गाव असंच प्रसिद्ध आहे, तिथे शेकडो जुळी आहेत. तिथल्या पाण्यापासून रक्तापर्यंत सगळ्यावर शंका घेऊन झाली, तरी पक्कं कारण अजून हाती लागलेलं नाही.

आता घराण्याचं. जुळी दोन प्रकारची असतात. एका महिन्यात एका बीजाऐवजी दोन बीजं सुटली आणि दोन्ही फळली, तर दोन वेगळी भावंडं एकाच वेळी पोटात वाढतात. ती एकमेकांसारखी दिसतीलच असं नाही, एक मुलगा एक मुलगीही असू शकते. दुसरा प्रकार म्हणजे एकच फळलेलं बीज पहिल्या काही दिवसांत दुभंगतं आणि त्याची दोन लेकरं होतात. ही हुबेहूब सारखी असतात, आणि दोघं मुलगे किंवा दोघी मुलीच असतात. हा दुसरा प्रकार कुठल्या घराण्यातून येत नाही. जगभर हजारातल्या साधारण चार बाळंतपणांत तो आपसूक घडतो. घराण्याचा संबंध येतो तो पहिल्या प्रकारात, आणि तोही फक्त आईच्या बाजूनं, कारण दोन बीजं सुटतात ती तिच्या शरीरात. म्हणजे तुमच्या सासऱ्यांच्या जुळ्या भावाचा आणि सूनबाईंच्या या जुळ्याचा काही संबंध नाही. सूनबाईंच्या आईच्या, आजीच्या, मावशांच्या पोटी जुळी झाली होती का, ते विचारा. तुमच्या घराण्यात तो गुण असेलच, तर तो तुमच्या मुलाकडून नातीत उतरेल आणि तिच्या बाळंतपणात दिसला तर दिसेल. याशिवाय आईचं वय तिशीच्या पुढे गेलेलं असेल, हे पहिलं बाळंतपण नसेल किंवा मूल होण्यासाठी औषधोपचार घेतलेले असतील, तर शक्यता वाढते. त्यामुळेच गेल्या चाळीसेक वर्षांत जगभर जुळी वाढली आहेत. आज जन्मणाऱ्या दर ४२ लेकरांत एक जुळ्यातलं असतं.

या दोन प्रकारांचा तुमच्या रोजच्या घराशी काय संबंध, असं वाटेल. संबंध आहे, आणि फार मोठा आहे. आज संध्याकाळी सूनबाईंची सोनोग्राफीची फाइल काढा. अकराव्या ते चौदाव्या आठवड्यात केलेल्या तपासणीचा कागद शोधा आणि त्यात दोघांची वार एकच आहे की दोन वेगळ्या आहेत, ते लिहिलंय का ते पाहा. लिहिलं नसेल तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना हा एकच प्रश्न आधी विचारा. दोन वारी असतील तर दोघांचा शिधा वेगवेगळा आहे, काळजी थोडी कमी. साधारण चार आठवड्यांनी एकदा सोनोग्राफी पुरते. एकच वार दोघांत असेल तर रक्तवाहिन्याही सामाईक असतात. दहा-पंधरा टक्के अशा जुळ्यांत एकाकडे रक्त जास्त जातं, दुसऱ्याकडे कमी पडतं. एकाभोवती पाणी वाढतं, दुसऱ्याभोवती आटतं. हे वेळेत सापडलं तर उपाय आहेत. म्हणून एका वारीच्या जुळ्यांना सोळाव्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी सोनोग्राफी लागते. ‘इतक्यांदा कशाला, पैसे उकळतात’ असं म्हणून ती टाळू नका. आणि पोट एकाएकी, दोन-तीन दिवसांत, फार मोठं आणि ताठ वाटायला लागलं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता जा. त्या खोलीत मुलगा की मुलगी हे मात्र कुणी विचारायचं नाही. १९९४ च्या कायद्यानं ते सांगणं आणि विचारणं दोन्ही गुन्हा आहे, जुळं असलं तरी.

आता नवव्या महिन्याकडे वळते.

ताई, नववा महिना तुमच्या वाट्याला पुरा येईलच असं नाही. जुळ्यांपैकी निम्म्याहून अधिक सदतिसावा आठवडा लागायच्या आत जन्मतात. सगळं सुरळीत असलं तरी डॉक्टर जुळ्यांना चाळीस आठवडे पोटात ठेवत नाहीत. दोन वारी असतील तर सदतीस-अडतीस आठवड्यांना आणि एकच असेल तर छत्तीस-सदतीस आठवड्यांना बाळंतपण करतात. नवव्या महिन्यात तुम्ही हिरवी साडी आणि फुलांचा साज घेऊन बसाल, आणि घरात तोवर दोन दुपटी वाळत घातलेली असतील. जुळ्यांच्या घरानं कॅलेंडर दीड महिना अलीकडे ओढायला हवं. हे जिथे ओढलं जात नाही तिथे धावपळ होते, रात्री-अपरात्री गाडी शोधावी लागते, आणि ती धावपळ जिवावर बेतू शकते. मला तुम्हाला मुख्य सांगायचं आहे ते हेच.

म्हणून डोहाळजेवण सातव्याच्या तोंडाला, अठ्ठावीस आठवडे पुरे व्हायच्या सुमारास करून टाका. हौस जरूर करा, पहिल्या वेळी हुकलेली आहे. पण तिला तासन्‌तास पाटावर बसवून ठेवू नका. पाठीला लोड आणि टेकू द्या, दुपारच्या उन्हात कार्यक्रम ठेवू नका, आणि शंभर बायकांनी ओटी भरण्यापेक्षा वीस जणींनी भरली तरी त्यात कमी काही नाही.

माहेरचं बोलू. अहमदपूरहून लातूर आणि नांदेड साधारण सारख्याच अंतरावर आहेत, एक चाकूरवरून, दुसरं लोह्यावरून. तेव्हा कुठे बाळंत व्हायचं हा मानापानाचा प्रश्न करू नका. ज्या दवाखान्यात कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या दोन बाळांना एकाच वेळी ठेवता येईल असा नवजात शिशू अतिदक्षता विभाग आहे, रात्री भूलतज्ज्ञ मिळतो आणि रक्त मिळतं, तो दवाखाना निवडा, आणि माहेर की सासर हे त्यानंतर ठरवा. सरकारीत जायचं असेल तर नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त आणि नवजात बाळाचे उपचार २०११ पासून जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहेत. खासगीत जायचं असेल तर दोन्ही बाळांच्या अतिदक्षता विभागाचा रोजचा खर्च आधीच विचारून घ्या, कारण तो खर्च दुप्पट धरावा लागतो. नांदेडला जायचं ठरलं तर डोहाळजेवणानंतर लगेच पाठवा आणि तिथल्या डॉक्टरांकडे नाव नोंदवा. बत्तीस आठवड्यांनंतर हे गाव ते गाव करू नका. माता-बाल संरक्षण कार्ड आणि सगळ्या सोनोग्राफीचे कागद एकाच पिशवीत, आणि ती पिशवी सूनबाई जिथे असतील तिथे.

हे लवकर करायला सांगण्यामागे एक नेमकं कारण आहे. चौतीस आठवड्यांच्या आत कळा सुरू झाल्या तर डॉक्टर आईला एक इंजेक्शन देतात, त्यानं पोटातल्या बाळांची फुप्फुसं लवकर पक्की होतात. पण त्याचा पूर्ण गुण यायला काही तास, शक्यतो एक-दोन दिवस, हाती असावे लागतात. जी बाई कळा अंगावर काढून शेवटच्या घटकेला पोचते तिच्या लेकरांना हा लाभ मिळत नाही. म्हणून कमरेत ठरावीक अंतरानं कळ येणं, पोट पुन्हा पुन्हा दगडासारखं घट्ट होणं, अंगावरून पाणी किंवा रक्त जाणं, बाळांची हालचाल मंदावणं, डोकं फार दुखणं, डोळ्यांसमोर अंधारी किंवा काजवे, छातीखाली दुखणं, तोंड-हात एकदम सुजणं, यांतलं एकही दिसलं तर ‘सकाळी बघू’ म्हणायचं नाही. १०८ ला फोन लावा, ती गाडी फुकट येते. जुळ्यांत रक्तदाब वाढण्याचा धोका एका बाळापेक्षा दुपटीहून जास्त असतो. त्यासाठी डॉक्टरांनी रोजची लहान अ‍ॅस्पिरिन लिहून दिली असेल तर ‘ही तर डोकेदुखीची गोळी’ म्हणून घरातल्या कुणी बंद करू नये.

याच जागी आपल्याकडची एक जुनी समजूत आडवी येते. सातव्या महिन्यातलं लेकरू जगतं, आठव्यातलं जगत नाही, असं म्हणतात. ही समजूत फक्त आपलीच नाही. प्राचीन ग्रीसमध्येही ती होती, हिपोक्रेटिसच्या नावानं चालत आलेल्या ग्रंथांत आठव्या महिन्याच्या गर्भावर एक स्वतंत्र ग्रंथच आहे. ती साफ चुकीची आहे. पोटात मिळालेला प्रत्येक आठवडा बाळाचं बळ वाढवतो. आठव्यात जन्मलेलं बाळ सातव्यातल्यापेक्षा साधारणपणे भक्कमच असतं. या समजुतीपायी आठव्यात झालेल्या बाळाची आशा सोडून त्याला दवाखान्यात उशिरा नेलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

आता रोजचं घर. पलंगावरून उठूच न देणं चूक आहे. जुळ्यांच्या आईला सरसकट झोपवून ठेवल्यानं बाळंतपण पुढे ढकललं जात नाही, हे तपासून झालेलं आहे. उलट पाय आखडतात, पायात रक्त गोठण्याची भीती वाढते, मन उदास होतं. ‘कामं करू द्या, सुटका सोपी होते’ हेही अर्धंच खरं. घरात फिरणं, भाजी निवडणं, ओट्यावर उभ्यानं थोडा स्वयंपाक, संध्याकाळी अंगणात चालणं, हे सगळं चालेल. पण काही कामं आजपासून तिच्या हातातून काढा.

पहिलं पाणी. लातूर जिल्ह्यातल्या बाईला पाण्याचं मोल सांगायला नको. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, पहिल्या गाडीनं पाच लाख लीटर आलं, ते दिवस कुणीच विसरलेलं नाही. पाण्याचा दिवस असला की घरातली बाई पोटाकडे न बघता घागरी-कळशा उचलत राहते, कारण नळ गेला तर पुन्हा कधी येईल याचा भरवसा नसतो. हे काम आता तुमच्या मुलाचं, पुरेपूर. भरलेली घागर, बादली, ओल्या वाकळांचं धुणं, दळणाचा डबा, सिलिंडर, यांतलं काही तिनं उचलायचं नाही. आणि पाण्याची कितीही टंचाई असली तरी तिच्या पिण्याच्या पाण्यात काटकसर नको. दिवसाला अडीच-तीन लीटर पोटात जायला हवं. अंगात पाणी कमी पडलं की पोट घट्ट होण्याच्या खोट्या कळा येतात, लघवीला जळजळ होते, आणि त्यातूनच पुढे खऱ्या कळाही सुरू होऊ शकतात. मे महिन्यात नांदेडचा पारा ४२-४३ च्या पुढे जातो, तेव्हा तर उशाला तांब्या आणि दुपारी ताक हवंच.

पाच वर्षांच्या नातीला तिनं उचलून कडेवर घेऊ नये. पण जवळ बसवून घ्यावं, पोटावर हात ठेवू द्यावा. घरात सगळे ‘जुळं, जुळं’ करत असताना या लेकराकडे कुणाचं लक्ष जात नाही. ताई, ती जबाबदारी तुम्ही घ्या. आतापासून तिची आंघोळ, वेणी, झोपवणं तुमच्याकडे घेतलंत, तर पुढे आई दोन बाळांत गुंतली तेव्हा तिला एकाएकी तोडल्यासारखं वाटणार नाही.

खाली बसून भाकरी थापणं, वाकून फरशी पुसणं बंद. आंघोळीच्या पाण्यासाठी अंगणात चूल किंवा बंब पेटत असेल तर त्या धुरापासून तिला लांब ठेवा, धुरानं बाळांचं वजन कमी भरतं. उन्हाळ्यात गच्चीवर झोपायची सवय असेल तर या वर्षी तिची बाज खालीच, दाराजवळ वाऱ्याला. कठडा नसलेला जिना आणि अर्धवट झोपेतलं जड अंग, हा धोका घ्यायला नको. झोपताना डाव्या कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी, पोटाखाली घडी घातलेली वाकळ.

खाण्याबद्दल ‘तीन जिवांचं खायचं’ म्हणून कुणी तिप्पट वाढायला लागतं. तितकं लागत नाही, आणि ते जाणारही नाही, कारण पोटात जागाच उरत नाही. दोन बाळांसाठी रोज साधारण सहाशे कॅलरी जास्त लागतात. म्हणजे नेहमीच्या जेवणावर एक ज्वारीची भाकरी, एक वाटी घट्ट वरण, एक पेला दूध आणि मूठभर शेंगदाणे. लातूरच्या बाजारातली तूर ज्यांच्या घरात असते त्यांना प्रथिनं शोधायला लांब जायला नको. पण वरण पातळ करून पुरवू नका. दिवसातून सहा-सात वेळा थोडं थोडं द्या. धपाटे आणि दही, अंडं चालत असेल तर रोज एक, मेथी किंवा करडईची भाजी, जवसाची चटणी. छातीत जळजळ होत असेल तर तिखट येसर थोडे दिवस बाजूला ठेवा आणि जेवणानंतर लगेच आडवं होऊ देऊ नका.

रक्ताकडे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहा. देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर बायकांचं रक्त कमी आहे, असं २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं. दोन बाळं आईच्या अंगातलं लोह एकापेक्षा कितीतरी जास्त ओढतात, आणि जुळ्यांच्या बाळंतपणात रक्तही जास्त जाऊ शकतं. आशाताई देतात त्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. ती रोज घ्यायची, कॅल्शियमच्या गोळीबरोबर नाही, आणि चहाबरोबर तर मुळीच नाही. आपल्याकडे कुणी आलं-गेलं की चहा होतो, त्यात ही गोळी वाया जाते. गोळीच्या आधी-नंतर तास-दोन तास चहा नको. जेवणावर लिंबू पिळा, म्हणजे भाकरी-भाजीतलं लोह अंगी लागेल. शौचाला काळं होणं, घट्ट होणं हे गोळीचंच लक्षण आहे, त्याला भिऊन बंद करू नका. हिमोग्लोबिन अकराच्या खाली असेल तर गोळी वाढवायची की शिरेतून लोह द्यायचं ते डॉक्टर ठरवतील. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची तज्ज्ञांकडून मोफत तपासणी होते, ती एकही चुकवू नका. आणि तिच्या रक्तगटाचे दोन धडधाकट रक्तदाते नात्यातून आत्ताच हेरून ठेवा.

जुळं म्हणजे सिझेरियनच, असंही नाही. खालच्या बाळाचं डोकं खाली असेल, बाकी सगळं ठीक असेल तर नैसर्गिक बाळंतपण होऊ शकतं. ते डॉक्टरांवर सोडा.

ग्रामपंचायतीचं थोडक्यात. धाकट्या दिरांना सांगा, काळजी नको. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालं तर सदस्यत्वाला अपात्र ठरवणारा नियम आहे हे खरं. पण एक मूल असताना पुढच्या एकाच बाळंतपणात कितीही लेकरं झाली तरी ती मिळून एकच धरतात, असं कायद्यातच स्पष्ट केलेलं आहे. तुमच्या मुलाची उमेदवारी या जुळ्यामुळे अडत नाही. दोघांपैकी एक किंवा दोन्ही मुली झाल्या आणि तुमचं रेशनकार्ड पिवळं किंवा केशरी असलं, तर ‘लेक लाडकी’ योजनेत त्या बसतात. जुळ्या मुली असतील तर दोघींना स्वतंत्र लाभ आहे. जन्मल्यावर ५ हजारांपासून अठराव्या वर्षी ७५ हजारांपर्यंत, एकूण १ लाख १ हजार रुपये. नंतर आई-वडिलांपैकी एकानं कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया करावी लागते. ती तुमच्या मुलानं करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. एका पोटानं तीन लेकरं वाढवल्यावर आणखी एक टाका तिच्याच अंगावर कशाला?

बाळं आल्यानंतरचं पुन्हा कधी सविस्तर लिहीन, आज फक्त एक. दोन बाळांना पुरेल इतकं दूध बहुतेक आयांना येतं, जितकं पाजावं तितकं वाढतं. पहिला चीक टाकू नका, मध-घुटी काही नको. आणि बाळं वजनानं कमी भरली तर त्यांना शेगडी-धुरी न देता उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून, वरून दुपटं गुंडाळून तासन्‌तास धरायचं. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात काचेच्या पेट्या कमी पडल्या म्हणून डॉक्टरांनी ही पद्धत काढली. पुढे भारतासह पाच देशांत झालेल्या मोठ्या अभ्यासात, जन्मल्याबरोबर असं छातीशी धरलेल्या कमी वजनाच्या बाळांत मृत्यू चतुर्थांशानं कमी झाल्याचं दिसलं. आईची छाती एक आणि बाळं दोन, म्हणून दुसरी छाती बापाची किंवा आजीची लागेल. मागून गाठ सुटेल असे दोन सैल सुती झगे शिवून ठेवा, एक मुलाच्या मापाचा आणि एक तुमच्या मापाचा.

डोहाळजेवणाची तारीख मात्र याच आठवड्यात बदला, आणि नवी तारीख मला कळवा.